डाव्या काचेचा तपास

"जगातल्या प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आणि ते कारण सापडण्याआधी दुरुस्तीला हात लावणं ही बौद्धिक अप्रामाणिकता आहे."

हे वाक्य एखाद्या विज्ञानसंस्थेच्या दारावर कोरून ठेवण्यासारखं आहे. मी ते ऐकलं तेव्हा ते उच्चारणारे गृहस्थ कुंपणापलीकडे जमिनीवर बसकण मारून बसले होते. त्यांचं डोकं एका जुन्या गाडीच्या दारात होतं आणि बनियनला ग्रीस लागलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आजही नाही?"

उत्तमराव तायडे माझे शेजारी. मलकापुरात रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झाले, त्याच सुमाराला मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. दोघांकडेही वेळ होता. मी तो वाचनात घालवायचं ठरवलं होतं. उत्तमरावांनी तो बिघाडांना दिला. आता ते नागपूरला मुलीकडे राहतात. त्यांच्या घरात बँकेतला एक तरुण भाडेकरू आहे. काही बिघडलं की तो फोन करतो, माणूस येतो, दुरुस्त करून जातो. शेजारून कसलीच चर्चा ऐकू येत नाही. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

उत्तमराव दोन भाषा बोलत. सिद्धांत सांगायचा असेल तर शुद्ध पुस्तकी मराठी, बाकी सगळ्याला वऱ्हाडी. "सर, मानवी चूक हीच सर्व अपघातांची जननी आहे," असं म्हणून ते लगेच विचारायचे, "चहा घेता का? मांडून राह्यली ती." एका भाषेतून दुसरीत जाताना त्यांना कधी सांधा बदलावा लागला नाही.

नोकरीनं त्यांना एक सवय लावली होती. रेल्वेत एका स्टेशनानं कळवलेलं दुसऱ्यानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, म्हणजे ऐकण्यातल्या चुकीमुळे दोन गाड्या एका रुळावर येत नाहीत. हा नियम त्यांनी घरातही चालू ठेवला होता. सकाळी कुंपणापलीकडून ऐकू यायचं:

"येताना कोथिंबीर आणा."

"येताना कोथिंबीर आणतो."

"पिवळी नको."

"पिवळी नको."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांचा एकाही भाजीवरून गैरसमज झाला नसावा. उत्तमरावांनी एखादी गोष्ट परत म्हटली की ती झालीच असं समजायचं. म्हटली नाही, तर ती त्यांना मान्य नाही असं समजायचं. शकुंतलाबाई याच हिशोबानं चालत.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा की बिघाड दोन प्रकारचे असतात: सुरक्षित बाजूचे आणि चुकीच्या बाजूचे. सिग्नल बिघडला आणि लाल झाला, तर तो सुरक्षित बाजूचा बिघाड. गाडी थांबते, लोक शिव्या देतात, पण कोणी मरत नाही. बिघडून हिरवा झाला, तर तो चुकीच्या बाजूचा. "चुकीच्या बाजूचा बिघाड माफ नसते," हे वाक्य मात्र ते वऱ्हाडीत म्हणायचे. त्यावरून मला वाटायचं की हा सिद्धांत नसून खरंच त्यांचं मत असावं.

या वर्गीकरणात जगातली कुठलीही गोष्ट बसायची. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली, तेव्हा उद्घाटनाला एक पुढारी आले होते. हार झाले, नारळ झाला, ते माईकपुढे उभे राहिले आणि माईक बंद पडला. संयोजकांनी उत्तमरावांना हाक मारली. त्यांनी माईककडे पाहिलं, पुढाऱ्यांच्या हातातल्या कागदांच्या जाडीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सुरक्षित बाजूचा हाय सर. राहू द्या." तरीही कर्तव्य म्हणून त्यांनी तपास सुरू केला. तो विजेच्या खांबापासून सुरू केला. खांबापासून मंचापर्यंत ते येईस्तोवर पुढारी दोन यंत्रांवर व्यायाम करून, फोटो काढून निघून गेले होते.

खांबापासून सुरुवात करणं हा तिसरा सिद्धांत. "बिघाड केबिनमध्ये नसतो, तो बाहेर लाइनवर असतो." सिग्नलच्या केबिनमधली बटणं आणि तरफा छपराखाली, माणसाच्या नजरेसमोर असतात, ऊन, पाऊस, उंदीर आणि गुरं सोसायची ती बाहेरच्या वायरींनी. म्हणून आधी सगळ्यांत दूरची गोष्ट तपासायची आणि हळूहळू हाताशी यायचं. माझ्या दारावरची घंटा वाजेनाशी झाली, तेव्हा या पद्धतीनं त्यांनी मीटर, फ्यूज आणि माळ्यावरची वायर तपासली. माळ्यावर मला हरवलेली वाटलेली दोन पुस्तकं सापडली. बिघाड शेवटी दारावरच्या बटणात निघाला. उत्तमरावांनी त्याला अपवाद म्हटलं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती त्यांनी रेल्वेसारखी चालवली. निघण्याआधी चारही बाजूंनी फेरी मारायची, आत बसल्यावर "ऑल राइट?" असं विचारायचं आणि शकुंतलाबाईंनी "ऑल राइट" म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. मागची सीट त्यांच्या साहित्यानं भरलेली असे: लाकडी पेटी, वायरीची भेंडोळी, हातातला सिग्नलचा कंदील, लाल-हिरवी निशाणं आणि एक जुनी बॅटरी. "लाइनवर जाणाऱ्यानं साधनं सोबत ठेवावीत," असं ते म्हणायचे. त्या गाडीतून लाइनवर कोणीच जात नव्हतं. दोघं बाजारात जात, दवाखान्यात जात, आणि महिन्यातून एकदा साखरखेर्ड्याला.

साखरखेर्डा हे शकुंतलाबाईंचं माहेर. बाई ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्या 'मला-तुला' म्हणत, उत्तमराव 'मले-तुले'. त्यावरून उत्तमराव त्यांना "आमच्या जालन्याकडच्या पाहुण्या" म्हणून चिडवायचे. बाई चिडायच्या नाहीत. आईवडील लवकर गेल्यावर त्यांना थोरल्या भावानं, अण्णांनी, वाढवलं होतं. हे अण्णा आता थकले होते. बहीण महिन्यातून एकदा डोळ्यांपुढं आली की त्यांचं पुढच्या महिन्यापर्यंत भागायचं.

अडचण एकच होती. बाईंना गाडी लागायची. मलकापूर सोडून मोताळा गेलं की पुढं राजूरचा घाट, आणि घाटाच्या वळणांवर त्यांच्या पोटात ढवळायचं. त्यावर त्यांचा इलाज ठरलेला होता. मांडीवर वाटी, वाटीत लिंबाच्या फोडी आणि मीठ. खिडकी पूर्ण उघडी आणि तोंड वाऱ्याकडे. एसीचं नाव काढलं तरी त्यांना मळमळायचं. एसटीची सरकती काच त्यांना चालली असती, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एसटीच्या पायऱ्या चढणं बंद झालं होतं. म्हणजे साखरखेर्ड्याचा रस्ता त्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या खिडकीतून जात होता.

आणि एके दिवशी ती खिडकी उघडेना.

त्या दिवशी ते दोघं तरीही निघाले. मोताळ्यापर्यंत पोचले. तिथं बाई उतरल्या, रस्त्याकडेला एका दगडावर बसल्या, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या की घाट त्यांच्यानं होणार नाही. दोघं परत आले. गाडी अंगणात लागली आणि तपास सुरू झाला.

गाडीच्या खिडकीत बिघडण्यासारखं किती असतं, याची मला कल्पना नव्हती. बटण दाबलं की काच खाली जाते, एवढंच माझं ज्ञान. उत्तमरावांनी दाराचं आतलं आवरण काढलं, तेव्हा मी कुतूहलानं पाहायला गेलो. आत एक छोटी मोटर, तिला जोडलेली काच वरखाली करणारी दोरीसारखी यंत्रणा आणि वायरींचा झुबका. एवढ्या सुबक बाहेरच्या आत एवढा पसारा असतो, हे माझ्यासारख्या वाचकाला नवीन नव्हतं. बऱ्याच ग्रंथांचंही असंच असतं.

"बटणच खराब असेल," मी आपलं म्हटलं.

उत्तमरावांनी मला समजावून सांगितलं. त्या काचेला दोन बटणं आहेत. एक शकुंतलाबाईंच्या बाजूच्या दारात, दुसरं ड्रायव्हरच्या दारात. दोन्हींवरून काच हलत नाही. "आता दोन बटणं एकाच दिवशी खराब होतील काय सर? दोन सिग्नलमन एकाच वेळी मरत नसतात. म्हणजे बटण नाही. बिघाड पुढं हाय."

हे मला पटलं. मला अजूनही वाटतं की ते कोणालाही पटलं असतं.

हायवेवर अनीसचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तो एकदा दुसऱ्या कामानं कॉलनीत आला होता. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, काकूंच्या बाजूचं बटन बदलून टाका. घंट्याभरात मोकळे व्हान."

"काऊन?" उत्तमरावांनी कारण विचारलं.

"काऊन म्हंजे? बहुतेक तेच जाते."

"बहुतेक म्हणजे कारण नोहे," उत्तमराव म्हणाले आणि पुन्हा दारात डोकं घातलं. अनीसनं माझ्याकडे पाहून हात जोडले आणि गेला.

फ्यूज तपासला, चांगला होता. दार आणि गाडी यांच्या मध्ये रबराच्या नळीतून वायरी जातात. दार उघडमिट करून त्या तुटतात म्हणे. त्यांनी नळी सरकवून एकेक वायर तपासली. सगळ्या धड होत्या. मग मोटरची पाळी आली. तो दिवस मला चांगला आठवतो. त्यांनी मागच्या सीटवरची जुनी बॅटरी काढली, मोटरची जोडणी सोडवली आणि बॅटरीच्या दोन वायरी थेट मोटरला लावल्या. घर्र आवाज झाला आणि काच सरसर खाली गेली. आवाज ऐकून शकुंतलाबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी हसू पाहिलं.

"मोटर निर्दोष आहे," उत्तमरावांनी पुस्तकी मराठीत जाहीर केलं. मग वायरी उलट्या लावल्या. काच सरसर वर आली आणि बंद झाली. बाई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग हात पदराला पुसत आत गेल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तेव्हा पुढं काय तपासणार ते विचारत होतो.

मोटर निर्दोष निघाल्यामुळे प्रश्न अधिक गहन झाला. उत्तमराव खुशीत होते. सकाळी फिरायला जाताना ते काचेबद्दल बोलायचे, येताना काचेबद्दल बोलायचे. साखरखेर्ड्याची महिन्याची फेरी चुकली, मग दुसऱ्या महिन्याचीही चुकली. मी एकदा म्हटलं की भाड्याची गाडी करून बाईंना सोडून या. तेही त्यांच्या मनात आलेलं होतं. पण त्यांचं म्हणणं असं की परक्या गाडीची खिडकी घाटात बिघडली तर जबाबदार कोण? "आपली काच बंद पडली ते चुकीच्या बाजूनं पडली सर. उघडी राहून बिघडली असती तं मी एवढा जीव नसता टाकला. तिच्यासाठी बंद म्हणजे चुकीची बाजू हाय." त्यांच्या आवाजात तेव्हा सिद्धांत नव्हता. या माणसाला बायकोची काळजी आहे, आणि त्या काळजीपायीच बायको घरात अडकून पडली आहे, हे दोन्ही मला एकदमच कळलं. पहिलं मी बोललो. दुसरं बोललो नाही.

मग साखरखेर्ड्याहून भाच्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. मी त्यांच्या ओट्यावर चहा घेत होतो, त्यामुळे मलाही ऐकू आला. भाच्यानं तक्रार केली नाही. नुसतं सांगितलं की अण्णांनी अंथरूण धरलंय, जेवण अर्ध्यावर आलंय, डॉक्टर मलकापूरला किंवा अकोल्याला दाखवा म्हणतात, पण अण्णा कोणाचं ऐकत नाहीत. "ते म्हनतेत, शकी येऊ दे, ती सांगंल तसं करू."

बाईंनी फोन ठेवला आणि आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. त्या सरळ गाडीपाशी गेल्या. उत्तमराव नेहमीप्रमाणे दारात होते.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या.

"काऊन?"

"काच फोडते. मग जाऊ."

त्यांचा आवाज भाजी आणायला सांगतानाचाच होता. उत्तमराव उठून उभे राहिले आणि काचेच्या आणि बायकोच्या मध्ये आले. कारण सापडतच आलंय, एक-दोन दिवस थांब, असं काहीतरी ते सांगू लागले. बाईंनी ऐकून घेतलं.

"त्या दिवशी काच खाली आली होती ना?"

"हाव. मोटर तपासली होती तवा."

"मग वर कशाला केली?"

उत्तमरावांना प्रश्नच कळला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते म्हणाले, "तपासणी होती ते. तपासणी झाली की वस्तू जशी होती तशी ठेवा लागते. नियम हाय."

"बंद होती, म्हणून बंद केली?"

"हाव."

बाईंनी बत्ता गाडीच्या टपावर हळूच ठेवला, ओरखडा पडू नये म्हणून पदराची घडी मध्ये घालून. उत्तमराव माझ्याकडे पाहू लागले. मी चहाच्या कपात पाहत होतो. मोटर तपासली त्या दिवशी मीही तिथंच उभा होतो, ग्रंथपाल म्हणून सगळा जन्म काढलेला माणूस, आणि माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

"निघू आता," बाई म्हणाल्या.

उत्तमरावांनी वाक्य परत म्हटलं नाही. त्यांनी बॅटरी आणली, दोन वायरी लावल्या, काच खाली घेतली. मग थोडा वेळ त्या वायरींकडे पाहत राहिले. नियम मोडायला त्यांना तेवढा वेळ लागला. मग वायरी सोडवून पेटीत ठेवल्या. दाराचं आवरण कसंबसं दाबून बसवलं. तोवर बाई लिंबं चिरून, वाटी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

"ऑल राइट?"

"ऑल राइट."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव एकटेच परत आले आणि गाडी लावून सरळ माझ्याकडे आले. बाई अण्णांजवळ राहिल्या होत्या. अण्णा कसे आहेत हे मी विचारण्याआधीच त्यांनी मला सांगितलं, "सर, कारण सापडलं."

घाटात, तिसऱ्या का चौथ्या वळणावर, बाईंनी मिठात बुडवलेली फोड पिळली, आणि उत्तमरावांनी रस त्यांच्या बोटांवरून ओघळून दारातल्या बटणावर टपकताना पाहिला. नेहमी ते रस्त्याकडे पाहत. त्या दिवशी नजर सारखी उघड्या खिडकीकडे जात होती. त्यांनी गाडी कडेला घेतली. बटणाच्या कडेला मिठाचा पांढरा थर होता. किती फेऱ्यांचं लिंबू आणि मीठ त्या बटणात मुरलं होतं कोण जाणे. पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढून ते बटण उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी साखरखेर्डा."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हनलं, आधी साखरखेर्डा."

बटण त्यांनी माझ्यासमोर उघडलं. आतले तांब्याचे तुकडे हिरवे पडले होते. आणि मग त्यांनी वायरींचा मार्ग बोटानं दाखवला. ड्रायव्हरच्या बटणातून निघालेली वीज मोटरकडे सरळ जात नव्हती. ती शकुंतलाबाईंच्या बटणातून पार होऊन मग मोटरकडे जात होती. एक बटण सडलं की दोन्ही बंद. दोन सिग्नलमन मेले नव्हते. दुसऱ्याचा निरोप पहिल्याच्या टेबलावरून जात होता. हे सांगताना उत्तमराव इतके प्रसन्न दिसत होते की बिघाड हाताशीच निघाला याची मी आठवण करून दिली नाही. अनीसनं मात्र दिली. तो म्हणाला, काका, मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. उत्तमराव त्याला म्हणाले, "तू बदल म्हनला होता. काऊन बदलाचं, ते नोता म्हनला."

त्यांनी बटण घासून, पुसून परत बसवलं. काच दोन्ही बटणांवरून लोण्यासारखी चालू लागली. खाली, वर, खाली, वर. त्यांनी मला बोलावून चालवायला लावली. शेवटी लिंबाचा रस आत जाऊ नये म्हणून बटणावर प्लॅस्टिकचं एक झाकणही बसवलं. मग ते शकुंतलाबाईंना आणि अण्णांना आणायला साखरखेर्ड्याला गेले, कारण अण्णा बहिणीचं ऐकून मलकापूरच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले होते. जाताना अण्णांना पाय पसरता यावेत म्हणून त्यांनी मागची सीट रिकामी केली. पेटी, कंदील, निशाणं, सगळं माझ्या ओट्यावर आलं.

उत्तमराव मला आठवतात ते त्या संध्याकाळचे. गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावरून हळूहळू वळली. ते ताठ बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, सुखरूप आणलेल्या पॅसेंजर गाडीच्या चालकासारखे समोर पाहत होते. अण्णा पुढं बसले होते; मागं बसून त्यांना रस्ता दिसत नव्हता म्हणे. कान मफलरनं बांधलेले. त्यांना वारं सोसत नव्हतं, म्हणून डावी काच, ती दुरुस्त झालेली काच, बटणावरच्या झाकणासकट पूर्ण बंद होती.

शकुंतलाबाई मागच्या सीटवर होत्या. मांडीवर वाटी, कोपर बाहेर, तोंड वाऱ्याकडे. घाट अजिबात लागला नाही, असं त्यांनी उतरताना सांगितलं.

मी नंतर सहज मागचं दार उघडून पाहिलं. त्या खिडकीला मोटर नाही, वायर नाही, बटण नाही. हातानं फिरवायचा एक दांडा आहे. तो गाडी घेतली तेव्हापासून आहे.